बेळगावहून लंडन, पाच दिवसांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये आम्ही आई-बाबांना घेऊन लंडन बघून आलो. तेव्हापासून निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या ओळखीच्यांचे आणि त्यांच्या पाहुण्यांचे फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. आपल्या भागातल्या माणसाची खरी दमछाक घरच्या कागदपत्रांत होते. तिथे पोचल्यावर मग सगळंच बघायच्या धावपळीत काहीच धड बघून होत नाही. दोन्ही टाळता येतं. शिवाय बेळगावच्या टिळकवाडीत वाढलेल्या माणसाला लंडनमध्ये ओळखीची नावं भेटतात. टूरवाले तिथे नेत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल मी सविस्तर लिहिलं आहे.

पाच दिवस पुरतात का?

शहर बघायला पुरतात. त्यात ऑक्सफर्ड, स्कॉटलंड आणि जमलंच तर पॅरिससुद्धा घालायला गेलात तर मात्र नाही पुरत. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून पाच पूर्ण दिवस धरा. एका दिवशी शहराचा एकच भाग करा आणि तिकिटाची मोठी जागा दिवसाला एकच ठेवा.

कोणत्या महिन्यात जावं?

मुलांच्या शाळेमुळे आपल्याला एप्रिल-मेच सोयीचा, आणि नशिबाने तो तिकडेही चांगला असतो. मेमध्ये दुपारी छान ऊन असतं, सकाळ-संध्याकाळी मात्र बेळगावच्या डिसेंबरची आठवण येते. स्वेटर आणि वर एक वारा अडवणारं जॅकेट पुरतं. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे फिरायला भरपूर वेळ मिळतो. डिसेंबरात चारच्या आधीच अंधार पडतो. रोषणाई सुंदर असते, पण दिवस हातात राहत नाही.

लंडनच्या पावसाचा बाऊ फार होतो. तिथे वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या बेळगावच्या निम्म्याहून कमी. कणकुंबी-जांबोटीकडची माणसं त्याला पाऊस म्हणणारच नाहीत. फक्त तो न सांगता येतो, म्हणून घडीची छत्री पिशवीत असू द्या.

पासपोर्टवर जन्मगाव ‘बेलगाम’ आहे आणि आधारवर ‘बेळगावी’. अडचण येईल का?

शहराचं नाव अधिकृतपणे १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी हे दोन्ही सापडतं. अर्ज भरताना पासपोर्टवर जे आहे तेच अक्षर न् अक्षर लिहा. आमच्या बाबांच्या पासपोर्टवर जुनं नाव आहे, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

माणसाच्या नावातला फरक मात्र गांभीर्याने घ्या. एका कागदावर नुसतं आद्याक्षर, दुसऱ्यावर वडिलांचं नाव, तिसऱ्यावर आडनावच नाही, असा घोळ आपल्याकडे फार असतो. पासपोर्ट नवा काढत असाल तर बेळगावच्या मुख्य पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्याआधी सगळी नावं जुळवून घ्या. लहान मुलालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो.

व्हिसाला काय लागतं? आमचा जमिनीचा उतारा तर कन्नडमध्ये आहे.

फिरायला जाणाऱ्यांनी ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा घ्यायचा. तो साधारणपणे सहा महिन्यांचा मिळतो. अर्ज ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा आणि फीही तिथेच भरायची. एप्रिल २०२५ पासून ती १२७ पौंड होती. तुम्ही भराल त्या दिवशीचा आकडा तिथेच बघा. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला दोनच गोष्टींची खात्री हवी असते: तुमचा खर्च तुम्हाला झेपतो, आणि सहल संपली की तुम्ही घरी परत येता. सगळे कागद या दोन गोष्टींसाठी असतात.

नोकरदारांचं सोपं आहे. पगाराच्या स्लिपा, रजा मंजूर झाल्याचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आयकराची विवरणपत्रं जोडा. शेती आणि धंदा असलेल्यांना जास्त खपावं लागतं. जे कागद इंग्रजीत नाहीत, त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं. आपला उतारा कन्नडमध्ये, पतसंस्थेचं ठेवीचं प्रमाणपत्र कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, लग्नाचा दाखला आणखी कुठल्या नमुन्यात. प्रत्येक भाषांतरावर ते अचूक असल्याचं भाषांतरकाराचं लेखी विधान, त्याचं पूर्ण नाव, सही, तारीख आणि संपर्काचा पत्ता हवा. मूळ कागद आणि भाषांतर एकाखाली एक लावा. आमच्या उताऱ्यावर बाबांसोबत दोन काकांची नावं आहेत. जमिनीत बाबांचा हिस्सा किती, हे आम्ही सोबतच्या पत्रात दोन ओळींत सांगितलं. अधिकाऱ्याला आपल्याकडची एकत्र खातेदारी कशी कळणार? आपणच सांगायला हवं.

क्षयरोगाची तपासणी लागते असं बरेच जण सांगतात. ती सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना लागते, फिरायला जाणाऱ्यांना नाही.

उसाचं बिल नुकतंच एकरकमी खात्यात आलंय. ते संशयास्पद दिसेल का?

कारण सांगितलं नाही तर दिसेल. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम आली की ती दाखवण्यापुरती कुणाकडून तरी आणली, अशी शंका घेतात. कारखान्याची बिलाची पावती, त्यावरचं टनेज आणि बँकेतली जमा यांची सांगड घालून द्या. पावती कन्नडमध्ये असेल तर तिचंही भाषांतर करा. मागच्या हंगामाची जमा स्टेटमेंटमध्ये दिसत असेल तर उत्तमच; दरवर्षी असं होतं हे आपोआप कळतं.

पाहुण्यांकडून चार लाख आणून पंधरा दिवस खात्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खोटा कागद जोडून सापडलात तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

बोटांचे ठसे द्यायला कुठे जायचं? व्हिसा किती दिवसांत येतो?

बेळगावात सोय नाही. पुणे किंवा बंगळूर, जे जवळ वाटेल ते. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, आणि ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे धरतात. मार्च ते जून गर्दी असते, म्हणून मेमध्ये जायचं तर फेब्रुवारीतच हालचाल सुरू करा.

आम्ही पुण्याला गेलो. हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाववरून जाते, पण ती रोज नसते, त्यामुळे आधी गाडीचा वार बघा आणि मग अपॉइंटमेंट घ्या. आम्ही उलटं केलं आणि रात्रीच्या बसने जावं लागलं. कराडच्या पुढे आईची कंबर धरली. सकाळची वेळ घेतली असेल तर आदल्या दिवशीच पोचून मुक्काम करा. बंगळूरकडे ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून वंदे भारत सुरू झाली आहे, राणी चन्नम्मा एक्स्प्रेस तर आहेच.

विमानाचं तिकीट आधी काढावं लागतं का?

नाही. कधी जाणार, कुठे राहणार, एवढा बेत सांगावा लागतो. पैसे भरलेलं तिकीट व्हिसासाठी बंधनकारक नाही. आम्हाला एका एजंटाने छातीठोकपणे उलटं सांगितलं आणि परत न मिळणारी तिकिटं काढायला लावली. माझ्या भावाचा व्हिसा उशिरा आला, त्याचं तिकीट बुडालं आणि तो पाच दिवसांतले तीनच दिवस आमच्यासोबत होता. ही चूक तुम्ही करू नका. हॉटेलही रद्द करता येणारंच निवडा.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाता येतं का?

सांबऱ्याहून देशातल्या देशात. तिथून मुंबई, बंगळूर किंवा दिल्ली गाठून पुढचं विमान घ्यायचं. मुंबईहून आणि बंगळूरहून लंडनला थेट विमानं आहेत, साधारण दहा तास लागतात. आखातातून बदलून जाणारं तिकीट पुष्कळदा स्वस्त पडतं, पण वयस्कर माणसं सोबत असतील तर थेटच घ्या. सांबऱ्याचं विमान आणि परदेशाचं विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. पहिल्याला उशीर झाला तर दुसरं विमान तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पैसेही परत मिळत नाहीत.

लंडनमधल्या भाचीला कुंदा न्यायचाय. चालेल का?

चालणार नाही, आणि हे लिहिताना मलाही वाईट वाटतं. भारतातून ब्रिटनमध्ये दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. कुंदा म्हणजे सगळं दूधच. गोकाकच्या करदंटात तूप असतं, म्हणून आम्ही तोही मागे ठेवला. ताजी भाजी आणि फळंही टाळा. चिवडा, चकली, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी बिनघोर न्या. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवा. हातातल्या पिशवीत अडवतात.

खर्च किती धरावा?

पौंडाचा भाव त्या दिवशीच्या दरापेक्षा थोडा जास्त धरून हिशेब करा, म्हणजे ऐनवेळी कमी पडत नाहीत. सगळ्यात मोठा खर्च विमानाचा, त्याखालोखाल राहण्याचा. बघायचा खर्च आपल्या हातात असतो, कारण लंडनची मोठी म्युझियमं फुकट आहेत: ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी, सायन्स, नॅशनल गॅलरी. पैसे पडतात ते टॉवर ऑफ लंडन हा किल्ला, वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल ही दोन चर्चं आणि लंडन आय हा भलामोठा पाळणा यांना. टॉवरचं तिकीट २०२५ मध्ये माणशी पस्तीस पौंडांच्या आसपास होतं. आमच्या मते तो खर्च करावा, आणि लंडन आयचा वाचवावा. प्रिमरोझ हिल नावाच्या टेकडीवरून सारं शहर फुकट दिसतं.

रोख पैसे फार नेऊ नका. दुकानात, बसमध्ये, फिरत्या गाड्यावरसुद्धा कार्ड चालतं. निघण्याआधी बँकेत जाऊन कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या.

आत फिरायचं कसं? भुयारी रेल्वेची भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी भीती जाते. जगातली पहिली भुयारी रेल्वे तीच, १८६३ सालची. रंगीत नकाशात फक्त दोन गोष्टी बघायच्या, मार्गाचा रंग आणि दिशा. वेगळं तिकीट काढायची गरज नाही. आपलं बँकेचं कार्ड आत जाताना पिवळ्या गोलावर टेकवायचं आणि बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त कापत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाला मात्र स्वतंत्र कार्ड हवं, आणि दिवसभर तेच वापरायचं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट जातात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी सोडायची.

बसचा खर्च त्याहून कमी. २०२५ मध्ये एका फेरीला १.७५ पौंड होते, आणि तासाभरात पुढच्या बस त्यातच होत होत्या. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. दुमजली बसमध्ये वर, अगदी पुढच्या काचेपाशी बसायला मिळालं तर तेच अर्धं शहर बघणं. बाबांना म्युझियमपेक्षा तेच जास्त आवडलं.

हीथ्रो विमानतळावरून शहरात यायला एलिझाबेथ लाइन घ्या. अर्ध्या-पाऊण तासात मध्यभागी पोचता, आणि तिच्या सगळ्या स्टेशनांवर जिना न चढता फलाटापर्यंत जाता येतं. पिकॅडिली लाइन स्वस्त आहे, पण मोठ्या बॅगांसकट तासभर दाटीवाटीत बसावं लागतं.

पाच दिवस कसे मांडावेत?

आम्ही कसे मांडले ते सांगते, तुम्ही फिरवून घ्या.

पहिल्या दिवशी वेस्टमिन्स्टर. बिग बेन हे खरं तर आतल्या घंटेचं नाव. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. समोरच्या पार्लमेंट चौकात पुतळे आहेत, मग ॲबी. तिथे १०६६ पासून राज्याभिषेक होत आले आहेत, आणि न्यूटन, डार्विन तिथेच पुरलेले आहेत. रविवारी ॲबी पर्यटकांना बंद असते, तेवढं लक्षात ठेवा. दुपारी पूल ओलांडून नदीच्या पलीकडच्या काठाने चाला.

दुसऱ्या दिवशी टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज आणि तिथून बोटीने ग्रीनिच. शून्य रेखांशावर एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवून सगळेच फोटो काढतात, तुम्हीही काढा. टॉवर ब्रिज १८९४ चा. मोठी जहाजं जाताना तो मधोमध उघडतो, आणि त्याच्या वेळा आधी जाहीर होतात.

तिसरा दिवस ब्रिटिश म्युझियम. सगळं बघायचा हट्ट धरू नका, अडीच तासांत चार दालनं बघा. रोझेटा शिळा, इजिप्तच्या ममी, आणि अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं. आंध्रातून नेलेल्या त्या पांढऱ्या दगडांपुढे आई बराच वेळ बसून राहिली. शुक्रवारी म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी कमी होते.

चौथा दिवस साउथ केन्सिंग्टन. तीन म्युझियमं एकमेकांना लागून आहेत. मुलं असतील तर डायनासोर, नसतील तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ याच म्युझियमचा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो नेला गेला. दालनांची कामं चालू असतात, तेव्हा वाघासाठीच जाणार असाल तर तो मांडलेला आहे का ते निघण्याआधी बघून घ्या. तिथून हाइड पार्कमधून चालत चालत हाइड पार्क कॉर्नरला या. का ते खाली सांगते.

पाचवा दिवस माझा सगळ्यात आवडता, त्याला वेगळं उत्तर दिलं आहे.

बकिंगहॅम राजवाड्यासमोरची पहारेबदल सहसा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकरा वाजता असते. गर्दीत तासभर उभं राहावं लागतं. आम्ही सोडून दिली, आणि चुकल्यासारखं काही वाटलं नाही.

कोहिनूर खरंच दिसतो का?

दिसतो. टॉवर ऑफ लंडनमध्ये, राणी एलिझाबेथ (दुसरी) यांच्या आईच्या मुकुटात पुढच्या बाजूला बसवलेला. १०५.६ कॅरट. १८४९ मध्ये पंजाब जिंकल्यावर लाहोरच्या तहाने तो लहानग्या महाराजा दुलीपसिंहाकडून घेतला. २०२३ च्या राज्याभिषेकात राणी कॅमिला यांनी तो मुकुट घातला नाही. मुकुटांसमोर सरकती पट्टी आहे, तिच्यावर उभं राहून पुढे जायचं. फोटो काढू देत नाहीत.

निघताना शेजारच्या मावशींनी आईला बजावलं होतं, “लंडनला चाललैस, तर कोहिनूर बघूनच ये की.” आई पट्टीवरून एकदा गेली, उतरली, मागे फिरली आणि पुन्हा रांगेला लागली. असं तीनदा. तिसऱ्यांदा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “लहान आहे गं. मला वाटलं होतं तेवढा मोठा नाही.” दार उघडायच्या वेळेलाच पोचा आणि बाकी काही न बघता सरळ दागिन्यांकडे जा. अकरानंतर रांग अंगणभर वळते.

शिवाजी महाराजांची वाघनखं तिथे बघायला मिळतील का?

नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडची ती वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती साताऱ्याला असलेल्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या घराण्याकडून म्युझियमला मिळाली होती. ती महाराजांनीच वापरलेली आहेत याची खात्री देता येत नाही, असं म्युझियम स्वतःच सांगतं. आपल्याकडे हा प्रश्न फार जिव्हाळ्याने विचारतात, म्हणून जे आहे ते सरळ सांगितलं.

तुम्ही म्हणता त्या बेळगावशी नातं असलेल्या जागा कोणत्या?

पार्लमेंट चौकातला गांधीजींचा पुतळा आधी घ्या. तो मार्च २०१५ मध्ये बसवला. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते आपल्या टिळकवाडीतल्या डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनात. त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर आपण रोज येता-जाता बघतो. ती बघत वाढलेल्या माणसाने या पुतळ्यापाशी दोन मिनिटं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

तिथून वेस्टमिन्स्टर पूल ओलांडा आणि उजवीकडे वळून नदीकाठाने चालत राहा. वाटेत लांबच लांब भिंतीवर लाल बदाम रंगवलेले दिसतील. कोविडमध्ये गेलेल्यांची ती आठवण आहे, एका माणसासाठी एक बदाम. लॅम्बेथ पुलाच्या पुढे अल्बर्ट एम्बँकमेंटवर बसवेश्वरांचा पुतळा आहे. समोर नदी, नदीपलीकडे पार्लमेंट. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कुणीच नव्हतं. आईने पिशवीतल्या बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन चौथऱ्याची कड पुसली आणि हात जोडले.

त्याच दिवशी, म्हणजे १४ नोव्हेंबर २०१५ लाच, आंबेडकर हाउसचंही उद्घाटन झालं. पत्ता १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेऊन स्मारक केलं. इथून परतलेल्या बाबासाहेबांनी १९२५ मध्ये आपल्या निपाणीत परिषद घेतली, हे निपाणीकर अजून अभिमानाने सांगतात. चॉक फार्म स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. उघडं कधी असतं ते आधी बघा. आजूबाजूला लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा घोळक्याने मोठ्यांदा बोलू नका.

आणि आता पाचवा दिवस. आंबेडकर हाउस बघून प्रिमरोझ हिलवर चढा. टेकडी कसली, उंचवटाच, बाबा दम न लागता चढले. वरून शहर बघा आणि खाली उतरून रीजंट कालव्याच्या काठाची पायवाट पश्चिमेला धरा. प्राणिसंग्रहालय मागे पडतं. पाण्यात लांबट बोटी नांगरलेल्या असतात, बोटींच्या छपरांवर कुंड्या, सायकली, सरपण. मध्ये एका ठिकाणी कालवा बोगद्यात शिरतो, तिथे वर रस्त्यावर यावं लागतं. रमत गेलात तर दीड-दोन तासांत लिटल व्हेनिस येतं. तिथून दोन पावलांवर हाउली प्लेस. दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहिले होते.

एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात. दोन वर्षांनी तेच मागणं घेऊन ते या शहरात आले आणि या घरात राहिले. ते खाजगी घर आहे, आत जाता येत नाही. रस्त्याच्या पलीकडून पाटी वाचायची, फोटो काढायचा आणि निघायचं. ज्यांच्या नावाच्या वाडीत आपण राहतो, त्यांचं नाव तिथल्या भिंतीवर वाचताना मला शब्द सुचले नाहीत.

हाइड पार्क कॉर्नरजवळ, कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तोंडाशी चार दगडी खांब आणि एक घुमटाची छत्री आहे. दोन्ही महायुद्धांत लढलेल्या भारतीय उपखंडातल्या, आफ्रिकेतल्या आणि कॅरिबियनमधल्या सैनिकांचं ते स्मारक, २००२ साली उभारलेलं. छत्रीच्या आत, वर छताला व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही शौर्यपदकं मिळवलेल्यांची नावं कोरली आहेत. आपल्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना दुसऱ्या महायुद्धात, इटलीत, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना मरणोत्तर. बाबा याच पलटणीतून निवृत्त झाले. त्यांनी टोपी काढली आणि मान वर करून एकेक नाव पुटपुटत वाचत राहिले. पाऊस सुरू झाला तरी हलले नाहीत. बेळगावात तर घराआड घरात एक फौजी आहे. तुमच्या घरचा सोबत असेल तर त्याला इथे आणाच.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

काही अडत नाही. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी शाकाहारी पदार्थांवर तशी खूण असते. यूस्टन स्टेशनमागे ड्रमंड स्ट्रीटवर डोसा, भेळ, थाळी सगळं मिळतं. वेम्बलीला आणि साउथॉलला तर आपलाच बाजार. दुपारी सुपरमार्केटमधलं सँडविच आणि फळं घेऊन बागेत बसलात की पैसेही वाचतात. खोलीत पाणी तापवायची किटली बहुतेक हॉटेलांत असते. आई रात्री झटपट पोह्यांवर गरम पाणी ओतून झाकून ठेवायची, वर शेंगाचटणी. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

आईचे गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल, पण दिवसाला आठ-दहा हजार पावलं होतातच. महिनाभर आधी रोज चालायची सवय करा, नवे बूट निघायच्या दिवशी काढू नका. जुन्या भुयारी स्टेशनांवर जिने पुष्कळ आणि लिफ्ट नाही, म्हणून शक्यतो बस घ्या. म्युझियमात घडीची स्टुलं किंवा चाकाची खुर्ची मिळते का ते दारातच विचारा. संडासात पाण्याची सोय नसते. एक छोटी बाटली पिशवीत ठेवा, संकोच करू नका. म्युझियममधली स्वच्छतागृहं फुकट आणि चांगली असतात.

औषधं आणि विमा?

प्रवास विमा घ्याच, आणि जुनी दुखणी त्यात लपवू नका. पाहुण्यांना तिथलं रुग्णालयात भरती होणं फार महाग पडतं. रोजची औषधं पाच दिवसांची लागत असतील तर दहा दिवसांची न्या, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. तातडीच्या मदतीचा नंबर ९९९.

आई-वडिलांना इंग्रजी येत नाही. दोघंच जाऊ शकतील का?

पहिल्यांदा दोघंच नकोत, कुणीतरी सोबत असावं. चुकामूक होणारच असं धरून चाला. आम्ही दोघांच्या खिशात हॉटेलचं नाव, पत्ता, जवळचं स्टेशन आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती. ‘डबा सुटला तर पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचं’ हे घरीच ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी बाबा खरंच पुढे गेले. पुढच्या स्टेशनावर बाकावर शांत बसलेले सापडले.

विमानतळावर अधिकारी विचारतील: का आलात, किती दिवस, कुठे उतरलात, परतीचं तिकीट आहे का. चार उत्तरं पाठ करून घ्या. भाषा अडली तर तिथे दुभाष्याची सोय होते, घाबरायचं कारण नाही.

चोऱ्या होतात म्हणे?

मोबाइल हिसकावण्याचे प्रकार होतात, बहुतेक सायकलवरून. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा बघू नका. दुकानाच्या दारात आत सरकून बघा. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा.

टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण?

घरात एकाला इंग्रजी वाचता येत असेल आणि फोनवर नकाशा बघता येत असेल तर आपलं आपण. टूरबरोबर जेवणाची आणि सामानाची काळजी मिटते, हे खरं. पण त्यात बसमधून बिग बेन दाखवतात, आणि हाउली प्लेसला बस जात नाही.

प्लग, घड्याळ, सिम?

तिकडचे प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, ॲडॉप्टर इथूनच न्या. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. सिमसाठी इथूनच रोमिंगचा पाच-सात दिवसांचा पॅक घेतला तर पोचल्या पोचल्या घरी फोन करता येतो. रात्री नऊनंतर करू नका. आम्ही पहिल्या दिवशी उत्साहात केला, तेव्हा इथे दीड वाजला होता, आणि शेजारच्या मावशी दार उघडून बाहेर आल्या होत्या.